जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेतील शाखा आणि त्यांची उद्दिष्टे

जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, शिक्षकांच्या बोलण्यातले ‘डाएट’, ही प्राथमिक शिक्षकांच्या प्रशिक्षणाची जिल्हा पातळीवरील सरकारी संस्था होय. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तिची कल्पना मांडली, १९८७ मध्ये केंद्रपुरस्कृत योजना सुरू झाली आणि १९८९ च्या मार्गदर्शक सूचनांनी तिचे काम सात शाखांत वाटून दिले. महाराष्ट्रात या संस्था पुण्यातील राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या मार्गदर्शनाखाली चालतात. मध्यंतरी त्यांना ‘जिल्हा शैक्षणिक सातत्यपूर्ण व्यावसायिक विकास संस्था’ असे लांबलचक नाव मिळाले होते. पण ते कागदापुरतेच राहिले आणि पुढे जुने नाव परत आले.

सात शाखा कशासाठी, हे समजायला थोडे मागे जावे लागते. शिक्षक प्रशिक्षण तुटक आहे, विद्यापीठांपासून, शाळांपासून आणि प्रशिक्षण संस्था एकमेकींपासूनही, हा दोष कोठारी आयोगाने (१९६४–६६) स्पष्टपणे नोंदवला होता. जुन्या अध्यापक विद्यालयांचे काम पदविका देऊन संपे. पदविका घेतलेला शिक्षक वस्तीवरच्या दोनशिक्षकी शाळेत पुढे काय करतो, याच्याशी विद्यालयाचा संबंध उरत नसे. नव्या संस्थेने शिक्षक घडवावा, नोकरीत असताना त्याला साथ द्यावी आणि जिल्ह्याच्या शैक्षणिक नियोजनातही हात घालावा, अशी अपेक्षा होती. अनेक ठिकाणी जुन्याच अध्यापक विद्यालयांचा दर्जा वाढवून ती उभी केली गेली.

सेवापूर्व शिक्षक प्रशिक्षण ही पहिली शाखा. आधीचे डी.एड., आताचे डी.एल.एड., या दोन वर्षांच्या पदविकेचे वर्ग ती चालवते. बालमानसशास्त्र आणि विषयांच्या अध्यापन पद्धती शिकवणे, सरावपाठ घेणे, छात्राध्यापकांना शाळेत पाठवून आंतरवासिता पूर्ण करून घेणे हे तिचे काम. जिल्ह्यातील इतर अध्यापक विद्यालयांना आपल्या वर्गांतून नमुना दाखवावा, हेही उद्दिष्ट तिला दिलेले होते. शिक्षकभरती लांबत गेली तशी महाराष्ट्रातील ही विद्यालये ओस पडू लागली आणि नमुना दाखवायचा तरी कोणाला, असा प्रश्न आला.

प्रत्यक्षात संस्थेचा जीव दुसऱ्याच शाखेत आहे. तिचे नाव ‘सेवांतर्गत कार्यक्रम, क्षेत्रीय आंतरक्रिया व नवोपक्रम समन्वय’. प्रशिक्षणांचे वेळापत्रक, तज्ज्ञ मार्गदर्शकांची निवड, शाळाभेटी, नवोपक्रमांची नोंद आणि कृतिसंशोधनाचे मार्गदर्शन हे सारे तिच्याकडे. यातले कृतिसंशोधन नीट पाहण्याजोगे आहे. तिसरीच्या वर्गात काही मुले ५२ वजा २७ याचे उत्तर ३५ काढतात. शिक्षक ते ‘निष्काळजीपणा’ म्हणून सोडून देऊ शकतो. पण चार वह्या शेजारी ठेवल्या की कळते, मुले प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करत आहेत: सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. म्हणजे चूक हिशेबाची नाही. दशक सुटा करून घेण्याची कल्पनाच पोहोचलेली नाही. मग काड्यांचे गठ्ठे सोडवून काही आठवडे काम, आधी आणि नंतर छोटी चाचणी, आणि जे घडले त्याचा अहवाल. शिक्षकाला आपल्याच वर्गाचा अभ्यास करायला शिकवणे, एवढा या उद्दिष्टाचा साधा अर्थ. दुर्दैवाने पदोन्नती आणि पुरस्कारांच्या फायलींत हे अहवाल ठराविक साच्यात, अनेकदा उत्तर आधीच ठरवून लिहिले जातात.

अभ्यासक्रम, साहित्य विकसन व मूल्यमापन शाखेने राज्याचा अभ्यासक्रम जिल्ह्याच्या बोली, पिके, व्यवसाय यांच्याशी जोडणारे पूरक साहित्य तयार करावे आणि चाचण्यांची साधने बनवावीत, असे ठरले. वरच्या वजाबाकीतच तिचे काम दिसते. बहुपर्यायी प्रश्नात ३५ हा पर्याय मुद्दाम ठेवला, तर चाचणी नुसते गुण देत नाही, मूल कुठे अडले तेही सांगते. असा प्रश्न बेतणे कष्टाचे असते. प्रश्नपेढ्यांत भरपूर प्रश्न सापडतात, असे प्रश्न कमी.

शैक्षणिक तंत्रज्ञान शाखेचे मूळ उद्दिष्ट कमी खर्चाची शैक्षणिक साधने आणि दृक्‌श्राव्य साहित्य हे होते. आता तिथे संगणक आणि ऑनलाइन प्रशिक्षण आले आहे. कार्यानुभव शाखेची मुळे १९३७ च्या वर्धा परिषदेतील नयी तालीमपर्यंत जातात. हाताच्या कामातून शिक्षण हा तिचा गाभा. पुढे ईश्वरभाई पटेल समितीने (१९७७) त्याला ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ असे रूप दिले. संस्थेचा परिसर आणि बाग राखणे हेही याच शाखेकडे सोपवले होते, आणि बऱ्याच ठिकाणी तेवढेच उरले.

नियोजन व व्यवस्थापन शाखा जिल्ह्याची आकडेवारी गोळा करते, मुख्याध्यापकांना शाळेच्या नियोजनाचे प्रशिक्षण देते आणि कोणत्या वस्तीला शाळा नाही, कुठे गळती जास्त, हे प्रशासनापुढे ठेवते. निदान ठेवावे, अशी अपेक्षा आहे. जिल्हा संसाधन एकक प्रौढ शिक्षण आणि अनौपचारिक शिक्षणाच्या कार्यकर्त्यांसाठी होते. अनौपचारिक शिक्षणाची योजनाच गुंडाळली गेल्यावर या एककाचे प्रयोजन बरेचसे संपले.

कागदावर सात शाखा असल्या तरी अधिव्याख्याते मोजके आणि पदे वर्षानुवर्षे रिक्त, त्यामुळे एकाच व्यक्तीकडे दोन शाखांचा कारभार, शिवाय एखाद्या तालुक्याची जबाबदारी, हे नेहमीचे चित्र. १९९४ मध्ये जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम आणि पुढे सर्व शिक्षा अभियान आले. गट (म्हणजे तालुका) आणि केंद्र (म्हणजे जवळच्या काही शाळांचा समूह) या पातळ्यांवर साधन केंद्रे उभी राहिली आणि प्रशिक्षणाचा ओघ वरून खाली टप्प्याटप्प्याने वाहू लागला. राज्यात तज्ज्ञाने सांगितलेले जिल्ह्यात, तिथून तालुक्यात, तिथून केंद्रात पोहोचेपर्यंत त्यातला ‘का’ गळतो आणि ‘काय’ तेवढे उरते. त्यात संस्थेचे स्वतःचे संशोधन मागे पडले. २०१२ मध्ये या संस्थांच्या केंद्रपुरस्कृत योजनेची फेररचना झाली तेव्हा आधी पूर्णपणे केंद्र सरकारचा असलेला खर्च केंद्र आणि राज्य यांच्यात ७५:२५ प्रमाणात वाटला गेला.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक बी.एड. पदवी ही शिक्षकाची किमान पात्रता ठरवली आहे. ती अमलात आली तर सेवापूर्व शाखेच्या पदविका वर्गांचे प्रयोजनच उरणार नाही. २०२३–२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात या संस्थांना उत्कृष्टता केंद्रे बनवण्याची घोषणा झाली.