मांजरांच्या पोटाच्या तक्रारींवरील वनौषधी

बद्धकोष्ठता, जुलाब, उलट्या किंवा पोटातले केसांचे गोळे यांनी बेजार झालेल्या मांजराला झाडपाल्याचे अथवा स्वयंपाकघरातले औषध देण्याची रीत. इंदूरच्या मराठी घरांत या औषधांसाठी लांब जावे लागत नाही. ओवा, सुंठ, हिरडा शहरातल्या सियागंज बाजारात मिळतात. इसबगोल तर माळव्यातच, नीमच-मंदसौरकडे पिकतो. घरात बाळगुटीची सहाण असली, की मलूल पिलालाही जायफळ-वेखंडाचा एक वेढा चाटवावा असे वाटतेच. तान्ह्या बाळाला सोसते ते मांजराला का सोसू नये, हा त्यामागचा हिशेब. तो चुकतो यकृतापाशी.

मांजर पक्के मांसाहारी. वनस्पतींतली फिनॉलवर्गीय द्रव्ये माणसाचे किंवा कुत्र्याचे यकृत ग्लुकुरॉनिक आम्ल जोडून शरीराबाहेर टाकते. या कामाचे एक महत्त्वाचे विकर (एन्झाइम) मांजरात तयारच होत नाही, कारण त्याचा जनुक निकामी आहे. म्हणून ओव्यातला थायमॉल, लवंगेतला युजेनॉल त्याच्या अंगात रेंगाळतो. अर्क आणि तेले सर्वांत वाईट. ओव्याचा अर्क, लवंगेचे किंवा पुदिन्याचे तेल थेंबभरही पाजू नये आणि पोटावर चोळूही नये. मांजर ते चाटून पोटात घेतेच. वेखंड-जायफळही टाळावे. याच उणिवेमुळे पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराच्या जिवावर बेतू शकते.

कांदा-लसणाचा धोका निराळा. त्यांतली गंधकयुक्त संयुगे तांबड्या रक्तपेशी फोडतात आणि शिजवल्याने हा गुण जात नाही. जंतांसाठी लसूण देणे म्हणूनच धोक्याचे. कोरफडीच्या सालीखालच्या पिवळ्या चिकाने जुलाब लागतात.

बद्धकोष्ठतेवर पशुवैद्यही सुचवतात ती इसबगोलाची भुसी. ती पाणी धरून फुगते आणि मळ मऊ करते. पाव चमचा भुसी दोन-तीन चमचे पाण्यात भिजवावी, बुळबुळीत झाली की बिनमिठाच्या, उकडून कुस्करलेल्या कोंबडीत कालवावी. कोरडी भुसी घशात किंवा आतड्यात अडकते. संत्र्याच्या चवीचे गोड पाकीट नको, साधीच घ्यावी. दुसरे औषध चालू असेल तर दोघांत दोनेक तासांचे अंतर ठेवावे. मांजराच्या अंगात पाणीच कमी असेल (मानेची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती हळूहळू बसते, हिरड्या कोरड्या लागतात) तर भुसीने मळ आणखी घट्ट होतो. उकडलेला लाल भोपळा, फोडणीविना चमचाभर, हा सौम्य उपाय.

जुलाबांत औषधाआधी दूध बंद करावे. वाढत्या वयात बहुतेक मांजरांत दुग्धशर्करा पचवणारे विकर घटते, आणि दूध-पोळीवर पोसलेल्या मांजराचे पोट त्या दुधानेच बिघडलेले असू शकते.

दोन गोष्टी बद्धकोष्ठता किंवा अपचन म्हणून हमखास चुकतात. बोका लिटर ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसतो, जोर करतो, काहीच होत नाही, मग मागचा भाग चाटत राहतो. घरचे भुसी कालवायला घेतात. प्रत्यक्षात मूत्रमार्ग तुंबलेला असतो आणि दिवस-दोन दिवसांत बोका दगावू शकतो. दुसरी गोष्ट संक्रांतीच्या आसपासची. उलट्या करणाऱ्या मांजराचे तोंड उघडून जिभेच्या मुळाशी मांजा अडकला आहे का ते पाहावे. दिसला तरी ओढू नये. दोरा ताणला की आतड्याला चुण्या पडून ते चिरते.

लस न घेतलेल्या पिलाला उलट्या-जुलाब एकदम सुरू झाले तर पॅनल्युकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराची शंका घ्यावी. तिथे काढ्याचे काम नाही. अंगाने भरलेले मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिले तर यकृतात चरबी साठून नवाच आजार उभा राहतो, म्हणून एक दिवस तोंडाला अन्न लावले नाही की पशुवैद्याकडे न्यावे. इंदूरपासून सुमारे २३ किलोमीटरवर महूला १९५५ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. काही चाटवले असेल तर ते लपवू नये, पाकीट किंवा बाटली बरोबर न्यावी, आणि मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये.