खूणगाठ

पुढे करायची एखादी गोष्ट नेमक्या वेळी ध्यानात यावी म्हणून आधीच जाणूनबुजून ठेवलेली खूण. शब्दाचा मूळ अर्थ वस्त्राच्या टोकाला मारलेली गाठ असा आहे. आज ‘मनाशी खूणगाठ बांधणे’ हा वाक्प्रचार पक्का निश्चय करणे या अर्थाने अधिक चालतो. खरी गाठ मात्र हाताला लागेल, डोळ्यांना दिसेल अशा जागी बांधायची असते, आणि ही नोंद त्या गाठीविषयी आहे. दाराच्या कडीला अडकवलेली पिशवी, मनगटावर पेनने मारलेली फुली, उलटे घातलेले घड्याळ, फोनमधला गजर ही सगळी तिचीच रूपे होत.

गाठीत मजकूर काहीच नसतो. दक्षिण अमेरिकेतले प्राचीन इंका लोक दोऱ्यांना गाठी मारून दशमान पद्धतीने संख्या नोंदवत. त्या ‘कीपू’ दोरीतली गाठ वाचता येत असे, कारण माहिती गाठीतच होती. खूणगाठ वाचता येत नाही. ती एवढेच सांगते की काहीतरी करायचे आहे. ते काय, हे डोक्यात असावे लागते, आणि बहुतेक वेळा ते असतेच. पत्र टाकायला निघालेला माणूस पत्रपेटीवरून पुढे जातो, घरी परत येतो, खिशात हात घालतो आणि पत्र हाताला लागताच कपाळावर हात मारून घेतो. त्याला काय करायचे होते ते त्या क्षणी लख्ख आठवते. हरवले होते ते काम नव्हे. हरवला होता तो कामाचा क्षण. रोजच्या जगण्यातल्या विसरण्याचा मोठा भाग या जातीचा असतो.

मराठीत स्मरणासाठी तीन क्रियापदे अगदी सहज येतात : लक्षात ठेवणे, लक्षात राहणे, लक्षात येणे. ठेवणे आपल्या हातात असते, राहणे बरेचसे मेंदूवर सोपवलेले असते आणि येणे त्या वेळच्या परिस्थितीवर अवलंबून असते. मानसशास्त्रही स्मृतीचे संकेतन (मनात नोंदवणे), धारण (टिकवणे) आणि प्रत्यानयन (पुन्हा आठवणे) असे तीन टप्पे सांगते. खूणगाठ तिसऱ्या टप्प्यासाठी असते. भाषेतला आणखी एक बारकावा पाहण्यासारखा आहे. ‘मला आठवले’ यात आठवणे माणसाकडे आपसूक येते. ‘मी विसरलो’ यात मात्र तो कर्ता ठरतो, म्हणजे विसरणे त्याच्या नावावर मांडले जाते. ‘मला विसर पडला’ अशी सौम्य रचना भाषेत आहे, पण रागावलेला माणूस ‘तू विसरलास’ असेच म्हणतो. त्यापाठोपाठ ‘महत्त्वाचे वाटत असते तर विसरला नसतास’ हेही येते. या वाक्याने अनेक घरांत विनाकारण मने दुखावली आहेत, म्हणून त्याची तपासणी इथे करणे आवश्यक वाटते.

स्मृतीचा प्रायोगिक अभ्यास जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांच्यापासून सुरू झाला असे मानतात. १८८५ साली त्यांनी स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले : निरर्थक अक्षरसमूह पाठ करायचे आणि काही वेळाने ते पुन्हा पाठ करायला किती श्रम वाचतात ते मोजायचे. विस्मरण आरंभी झपाट्याने होते आणि नंतर मंदावते, हे त्यातून दिसले. त्यानंतर दीर्घकाळ संशोधनाचा बराचसा भर ‘विचारल्यावर सांगता येते का’ या प्रश्नावर राहिला. पण रोजच्या जीवनात विचारायला कोणी येत नाही. संध्याकाळी सहाला दूरध्वनी करायचा असेल, तर सहा वाजता ‘आता काय करायचे होते?’ असा प्रश्न आपला आपल्यालाच पडावा लागतो. या प्रकाराला भविष्यलक्षी स्मृती म्हणतात. गिल्स आइनस्टाइन आणि मार्क मॅकडॅनियल या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये तिचे दोन प्रकार वेगळे केले. ‘अमुक व्यक्ती भेटली की निरोप द्यायचा’ हे घटनेला बांधलेले काम; ‘दहा मिनिटांनी गॅस बंद करायचा’ हे वेळेला बांधलेले. पहिल्यात घटनाच खूण बनते. दुसऱ्यात आपणच अधूनमधून घड्याळाकडे पाहावे लागते, आणि हातातले काम मन गुंतवणारे असेल तर तेच राहून जाते. म्हणून वेळेला बांधलेली कामे अधिक निसटतात. गजराचे सारे महत्त्व यात आहे : तो वेळेचे रूपांतर घटनेत करतो.

ही क्षमता साठवणीच्या स्मृतीहून वेगळी आहे, याचा ठळक पुरावा मेंदूच्या इजांतून मिळतो. १९५३ साली अपस्मारावरील (फिट येण्याच्या आजारावरील) शस्त्रक्रियेत हेन्री मोलाइसन या रुग्णाच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे नव्या आठवणी साठवण्यात महत्त्वाच्या असलेल्या भागाचा, बराच अंश काढला गेला. त्यानंतर २००८ मध्ये निधन होईपर्यंत त्यांना नवे प्रसंग जवळजवळ ध्यानात ठेवता आले नाहीत. याच्या उलट चित्र टिम शॅलिस आणि पॉल बर्जेस या संशोधकांनी १९९१ मध्ये मांडले. मेंदूच्या पुढच्या, कपाळामागील भागाला इजा झालेल्या तीन रुग्णांना त्यांनी बाजारातली काही साधी कामे नेमून दिली. बुद्धिमापन चाचण्यांत हे रुग्ण चांगले होते. तरी ठरलेली कामे ठरल्याप्रमाणे उरकणे त्यांना जमेना. काय करायचे हे माहीत असणे आणि ते योग्य क्षणी करणे, या दोहोंमध्ये एवढे अंतर असू शकते.

निरोगी माणसात हे अंतर बहुधा सवय निर्माण करते. मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी १९७० च्या दशकात लोकांना आपल्या रोजच्या चुकांची टिपणे ठेवायला सांगितली. अशा चुका नवख्या कामांपेक्षा अंगवळणी पडलेल्या कामांत होतात, हे त्यातून पुढे आले. परतताना एरवीच्या रस्त्याने न जाता औषध घेऊन यायचे ठरले होते. वळण आले, पाय ओळखीच्या दिशेने वळले, आणि औषध राहिले. अशा वेळी काळजी कमी नसते. उलट आजारी माणसाची काळजी वाहता वाहता मन त्या विचारात इतके बुडालेले असते की वळण दिसतच नाही. ‘महत्त्वाचे असते तर विसरला नसतास’ हे विधान इथे खोटे ठरते. महत्त्व वाटण्याने थोडी मदत होते, पण वळणावर खूण नसेल तर महत्त्व वाटूनही काम चुकू शकते.

विमानचालनाला हीच गोष्ट जीवघेण्या किमतीवर शिकावी लागली. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेतल्या राइट फील्ड येथे बोइंगचे ‘मॉडेल २९९’ हे चाचणी विमान उड्डाण करताच कोसळले. विमान उभे असताना वाऱ्याने नियंत्रण पृष्ठे हलू नयेत म्हणून लावलेली अडकण उड्डाणापूर्वी काढायची राहिली होती. चालवणारे वैमानिक कसलेले होते. त्यांना ती अडकण माहीत नव्हती असे कोणीही म्हणू शकले नसते. या अपघातानंतर वैमानिकांसाठी पडताळणी याद्या आल्या. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियागृहासाठी १९ मुद्द्यांची यादी दिली. आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून झालेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आल्याचे आढळले. रुग्ण तोच आहे ना, शस्त्रक्रिया कुठल्या बाजूची, शेवटी बोळे मोजले का, असे यादीतले प्रश्न कोणत्याही शल्यविशारदाला ठाऊक असलेलेच आहेत. त्यांना वेळ आणि जागा नेमून दिली, एवढाच बदल.

घरगुती खूणगाठीचे यशही जागेवरच ठरते. उद्या न्यायचा कागद टेबलावर ‘समोर’ ठेवला, तर सकाळी त्याच्यासमोरून माणूस निघून जातो. तोच कागद बुटात खोचून ठेवला की पाय आत जाताना अडतो आणि कागद हातात घेतल्याशिवाय बूट घालताच येत नाही. खूण वाटेत आडवी आली पाहिजे, तीही काम करता येईल अशा ठिकाणी. चालत्या वाहनात वाजलेला गजर हात मोकळा नसल्याने बंद केला जातो, आणि ‘पोचल्यावर बघू’ म्हणताना नवे विस्मरण सुरू होते. चिठ्ठ्यांचेही तसेच आहे. नवी चिठ्ठी दोन दिवस डोळ्यांत भरते, मग भिंतीचाच भाग होते. दहा चिठ्ठ्यांत तर एकही खूण उरत नाही. केवळ शब्दांनीही गाठ बांधता येते : ‘उद्या नक्की करीन’ ऐवजी ‘दात घासून झाले की लगेच गोळी घेईन’ असे मनात ठरवायचे. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी या ‘अमुक झाले की तमुक’ पद्धतीचा सखोल अभ्यास केला, आणि २००६ मध्ये ९४ चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र पाहता तिचा परिणाम भरीव दिसला. मनाशी बांधलेली खूणगाठ या रूपात खरोखर लागू पडते.

वाढत्या वयाविषयी एक गैरसमज दूर करायला हवा. प्रयोगशाळेत दिलेली अशी कामे, विशेषतः वेळेला बांधलेली, वृद्धांकडून तरुणांपेक्षा अधिक चुकतात. मात्र त्यांच्या नेहमीच्या जीवनात, ठरल्या वेळी दूरध्वनी करण्यासारख्या कामांत, ते अनेकदा तरुणांना मागे टाकतात. याची कारणे एकाहून अधिक सांगितली जातात. ठराविक दिनक्रम आणि खुणा ठेवण्याची जुनी सवय ही त्यांपैकी दोन. ‘आता वय झाले’ म्हणून आईवडिलांच्या हातून त्यांची वही, त्यांचे दिनदर्शिकेवरचे खाडाखोडीचे टिपण काढून घेणे आणि सगळे आपल्या फोनमध्ये नेणे, हे प्रेमाने केले तरी त्यांच्या बांधलेल्या गाठी सोडण्यासारखे होते.

गाठ सोडणे हे वेगळे काम आहे, आणि त्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. काम पुरे झाल्यावरही खूण जागेवर राहिली, तर ती पुन्हा हाक देते. रात्री पेला हातात धरून उभा असलेला माणूस गोळीच्या पाकिटाकडे पाहत राहतो : आजची घेतली की ही कालची आठवण? रोज त्याच जागी, त्याच पेल्यासह केलेल्या कृतीच्या आठवणी एकमेकींत मिसळून जातात. गोळी घ्यायचा विचार केल्याची आठवणही गोळी घेतल्याच्या आठवणीसारखी भासते. इथे न घेण्याइतकेच दोनदा घेणेही धोक्याचे. वारांचे कप्पे असलेली डबी यासाठी उपयोगी पडते. त्या डबीत खूण आणि नोंद एकत्र येतात : भरलेला कप्पा म्हणजे बांधलेली गाठ, रिकामा कप्पा म्हणजे सुटलेली. डबी नसेल तर गोळी गिळल्याबरोबर, पेला खाली ठेवण्याआधीच, दिनदर्शिकेवर त्या तारखेला फुली मारावी. फुली नंतर मारू म्हटले, की तिच्यासाठी आणखी एक गाठ लागते.