सामुराई घराण्यातल्या स्त्रिया पडद्याआडच होत्या का?

जपानचे सामुराई योद्धे लढत आणि त्यांच्या बायका घर सांभाळत, हा समज मुख्यतः एदो काळातल्या (१६०३–१८६८) उपदेशपर पुस्तकांनी रुजवला. त्याआधीचं चित्र फार वेगळं होतं. कामाकुरा काळात (सुमारे ११८५–१३३३) या घरांतल्या मुलींना जमिनीत वाटा मिळे. काही स्त्रिया ‘जितो’, म्हणजे जहागिरीवरच्या अधिकारी, होत्या. १२३२च्या कायद्याने तर निपुत्रिक स्त्रीला मूल दत्तक घेऊन त्याला जमीन देण्याचा हक्क मान्य केला. होजो मासाको या कामाकुराचा पहिला शोगुन, म्हणजे लष्करी शासक, योरितोमो याच्या पत्नी. नवऱ्यामागे सत्तेची सूत्रं त्यांच्या हाती आली. १२२१मध्ये निवृत्त सम्राट गो-तोबा शोगुनशाहीवर उलटले, तेव्हा मासाकोंच्या आवाहनावर सरदार एकवटले आणि जिंकले. ही बाई शाळेच्या पुस्तकात हवी!

पुढे सगळी मालमत्ता एकाच वारसाकडे ठेवण्याची रीत पडली आणि हे हक्क आटले. शस्त्रशिक्षण मात्र टिकलं. १८६८मध्ये उत्तर जपानमधल्या आइझूच्या युद्धात नाकानो ताकेको ‘नागिनाता’ हे लांब दांड्याचं शस्त्र घेऊन बंदूकधारी सैन्यावर चालून गेली आणि गोळी लागून पडली.

अर्थात, प्रत्येक सामुराई स्त्री रणरागिणी होती हेही खरं नाही. प्रसिद्ध स्त्री-योद्धा तोमोए गोझेन आपल्याला मुख्यतः युद्धकथेतूनच माहीत आहे. बहुतेकींची सत्ता जमीन, वारसा आणि घराण्याच्या कारभारात होती.