विहिरीवरचे दोन ओहम

अमळनेरकडे कुणाच्या विहिरीवरची मोटार बटण दाबूनही नुसती घूंऽऽ करत राहिली की वाक्य ठरलेलं असतं, "होल्टेज नही शे, भो." मीटर लावावा तर तो 230 दाखवतो. मग खोटं कोण बोलतंय? कुणीच नाही.

मीटर जवळजवळ करंट घेतच नाही, म्हणून त्याला लाइनचं दुखणं कळत नाही. त्याच टोकांवर पाणी तापवायचा दीड हजार वॅटचा रॉड बादलीत टाकून लावा. समजा, आता मीटर 218 वर आला आणि टाँग टेस्टरने (वायरला चिमट्यासारखा पकडून करंट मोजणारा मीटर) 6 अँपिअर दाखवले. 12 व्होल्ट वाटेत गेले. 12 भागिले 6, म्हणजे 2 ओहम.

डीपीपासून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपासून, इथपर्यंत किती खांब, कुठला सांधा गंजलेला, कुणी बारीक वायर ओढलीय, काहीच पाहिलं नाही. तरी विहिरीवरून बघताना अख्खी लाइन म्हणजे 230 व्होल्टचा एक सोर्स आणि त्याच्या सिरीजमध्ये 2 ओहम. हाच थेवेनिनचा सिद्धांत, डिप्लोमाची पोरं पाठ करतात तो. लिओं शार्ल थेवेनिन हा फ्रान्सच्या तारखात्यातला इंजिनिअर. त्याने तो 1883 मध्ये मांडला. खरं तर जर्मनीच्या हेल्महोल्ट्झने प्राण्यांच्या शरीरातल्या विजेचा अभ्यास करताना 1853 मध्येच हे सांगितलं होतं, पण नाव लागलं थेवेनिनचं.

कागदावर तर आणखी सोपं. 12 व्होल्टची बॅटरी, तिला 3 आणि 6 ओहम सिरीजमध्ये, आणि आपण 6 ओहमच्या दोन टोकांवर उभे. काहीच जोडलेलं नसताना तिथे 8 व्होल्ट. आता बॅटरी काढून तिच्या जागी साधी तार टाका: 3 आणि 6 पॅरलल दिसतात, म्हणजे 2 ओहम. झालं, 8 व्होल्ट आणि 2 ओहम. लोड कितीही बदला, मूळ सर्किटकडे परत जायला नको. अट एकच, आतले सगळे भाग ओहमच्या नियमाने वागणारे हवेत. एसीत रेझिस्टन्सच्या जागी इम्पिडन्स (एसी करंटला होणारा एकूण अडथळा) येतो, म्हणून मोटारीचा हिशेब ढोबळच धरा.

एक हॉर्सपॉवरच्या सिंगल फेज मोटारीने सुरू होताना 30 अँपिअर ओढले तर 2 ओहमवर 60 व्होल्ट जातात, मोटारीला उरतात 170. तिचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने घटतो, म्हणजे निम्म्याहून जरासाच जास्त राहतो. म्हणून ती घूं करते. डीपीवर 240 करून घेतले तर 10 व्होल्ट वाढतील. वायर जाड करून 2 चा 1 ओहम केला तर त्याच 30 अँपिअरला 30 व्होल्ट वाचतात.