डोकं, हृदय आणि हात: समग्र शिक्षण आलं कुठून?

होलिस्टिक एज्युकेशन, म्हणजे डोकं, हृदय आणि हात तिन्ही एकत्र घडवणारं समग्र शिक्षण, म्हटलं की बऱ्याच जणांना वाटतं हे हल्लीचं फॅड आहे, महागड्या शाळांच्या ब्रोशरमधलं. शब्द तसा नवाच, ‘होलिझम’ हा शब्द आला 1926 मध्ये दक्षिण आफ्रिकेचे नेते यान स्मट्स यांच्या पुस्तकातून आणि शिक्षणाला तो चिकटला त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. पण कल्पना जुनी आहे आणि ती वाढली कुणीच वाली नसलेल्या पोरांमध्ये, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

1798 मध्ये फ्रेंच सैन्याने स्वित्झर्लंडमधलं श्टान्स उद्ध्वस्त केलं, तिथली अनाथ झालेली पोरं एका कॉन्व्हेंटच्या इमारतीत ठेवली गेली आणि 1799 च्या जानेवारीत त्यांना सांभाळायला आले स्विस शिक्षणतज्ज्ञ योहान पेस्टालोझी. सोबतीला घरकाम बघणारी एक बाई, बस. कितीतरी पोरांना खरूज, अंगावर चिंध्या, आणि हा पन्नाशी ओलांडलेला माणूस त्यांच्यातच जेवायचा, त्यांच्यातच झोपायचा, कुणी आजारी पडलं की उशाशी बसायचा. आधी पोराच्या मनातली भीती जाऊ दे, हाताला काम मिळू दे, अक्षरं त्यासोबत येतील असं त्यांचं म्हणणं. जूनमध्ये सैन्याला हॉस्पिटलसाठी जागा हवी झाली आणि सगळं बंद पडलं. जेमतेम पाच महिने! पण डोकं, हृदय आणि हात तिन्ही एकत्र घडले पाहिजेत हा त्यांचा विचार टिकला, पुढे त्यांच्या स्वित्झर्लंडमधल्याच इव्हरडनच्या शाळेत जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेल काम करून गेले, ज्यांनी 1840 मध्ये ‘किंडरगार्टन’ हे नाव दिलं.

उलटं वारंही होतंच. इंग्लंडमध्ये 1862 पासून शाळेचं सरकारी अनुदान वाचन, लेखन, गणिताच्या तपासणीवर आणि हजेरीवर ठरायला लागलं, मग शिक्षक तेवढंच घोकून घेणार ना, चित्रं, गाणी, खेळ यांच्यासाठी वेळ काढायचा कुणी?

विसाव्या शतकात मग वेगवेगळ्या ठिकाणी याला उत्तरं शोधली गेली. 1919 मध्ये जर्मनीतल्या श्टुटगार्टला सिगारेट कारखान्याच्या कामगारांच्या मुलांसाठी ऑस्ट्रियन विचारवंत रुडॉल्फ स्टायनर यांची वॉल्डॉर्फ शाळा निघाली, 1937 मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षण मांडलं.

पण माझ्या सगळ्यात जवळचा किस्सा रोमचा. 1907 मध्ये सान लोरेंझो या गरीब वस्तीत, आईबाप कामावर गेले की दिवसभर मोकाट असणाऱ्या पोरांसाठी मारिया माँटेसरी यांनी बालगृह सुरू केलं. शिकायचं साहित्य कपाटात कुलूपबंद असायचं आणि शिकवणाऱ्या बाई ते काढून द्यायच्या. एकदा कुलूप लावायचं राहिलं, त्यात बाईंना यायला उशीर झाला, येऊन बघतात तर पोरांनी आपापलं साहित्य स्वतःच काढून घेतलेलं. बाईंना ती चोरी वाटली, माँटेसरींना मात्र दिसलं की आपल्याला काय हवंय ते या पोरांना कळतंय, निवडता येतंय. त्यानंतर तिथे ठेंगणी, उघडी कपाटं आली, पोरांचा हात सहज पोचेल अशी.