ब्लॉक बोअरिंगला टाकण्याआधी

जुन्या गाड्यांच्या रेससाठी काम करून घेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

उद्यमबागेतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये आरएक्स, येझदी, बुलेट, राजदूत ३५० या गाड्यांची इंजिनं रोजच खुलतात. अलीकडे त्यातली काही रेससाठी येतात. बेळगाव-खानापूरची पोरं आणतात, निपाणी-चिकोडीची आणतात, चंदगड-गडहिंग्लजकडूनही येतात. या सगळ्यांना आमचं एकच सांगणं आहे: ज्या रेसला उतरायचंय तिचं नियमपुस्तक गाडीबरोबर घेऊन या, आणि इंजिन खोलण्याआधी आणा. पुस्तक इंग्रजीत असलं तरी अडू नका. आपण बसून मराठीत वाचू.

हे आम्ही अनुभवातून सांगतो. एका ग्राहकाचा आरएक्स १०० चा ब्लॉक, म्हणजे पिस्टन ज्यात फिरतो तो सिलिंडर, आला होता, आतून ओरखडलेला. आम्ही तो दुसऱ्या ओव्हरसाइजला (मूळ मापापेक्षा अर्धा मिलिमीटर मोठा) बोअर केला, होनिंग म्हणजे आतून घासून गुळगुळीत केला, त्या मापाचा पिस्टन बसवून दिला. काम चोख होतं, गाडीही छान पळत होती. पण रेसच्या आदल्या दिवशी स्क्रूटिनीत, म्हणजे आयोजकांच्या तपासणीत, हेड उतरवून मोजमाप झालं आणि इंजिन १०० सीसीच्या वर भरलं. बिचाऱ्याला वरच्या वर्गात, १३५ च्या गाड्यांसोबत उतरावं लागलं. चूक आमची होती. गाडी कशासाठी हवी आहे, हे आम्ही विचारलंच नव्हतं. त्या दिवसापासून जॉबकार्डवर पहिला प्रश्न तोच असतो.

हिशेब तुम्ही घरीही करू शकता. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) आणि स्ट्रोक (पिस्टन वर-खाली जातो ते अंतर) सेंटिमीटरमध्ये घ्या. बोअरला बोअरनेच गुणा, त्याला ०.७८५४ ने गुणा, मग स्ट्रोकने गुणा. आरएक्स १०० चा बोअर ५० मिलिमीटर आणि स्ट्रोकही ५०, म्हणजे ९८.१७ सीसी. पहिल्या ओव्हरसाइजला, ५०.२५ वर, ९९.१६ होतात. इथवर ठीक. ५०.५० वर १००.१५. कागदाच्या दोन-तीन पानांएवढ्या जाडीचा फरक, आणि तेवढ्यात वर्ग बदलला.

येझदी २५० चं तर आणखी अवघड आहे. तिचा बोअर ६५ आणि स्ट्रोक ७५, मूळ इंजिन २४८.९ सीसीचं. पहिल्याच पाव मिलिमीटरला ते २५०.८ वर जातं. बुलेट ३५० ला (७० बाय ९०) पाव मिलिमीटर चालतो, अर्ध्याला ती ३५१ ओलांडते. काही आयोजक घिसाईसाठी एक-दोन ओव्हरसाइजची सूट देतात, काही देत नाहीत. सूट असेल तर ती पुस्तकात छापलेली दाखवा. ‘मित्र म्हणाला चालतं’ यावर आम्ही ब्लॉक मशीनवर चढवणार नाही. सूट नसेल तर नवीन लाइनर (ब्लॉकच्या आतली नळी) बसवून पुन्हा मूळ साइजला आणता येतं. खर्च जास्त येतो, पण वर्ग टिकतो. आरएक्स १०० वर १३५ चा ब्लॉक चढवलेल्या गाड्या आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्या ब्लॉकचा बोअर ५८ चा, त्यामुळे ती १३२ सीसीची गाडी झाली, टाकीवर काहीही लिहिलेलं असो.

दुसरी गोष्ट सालाची. पुस्तकात ‘अमुक सालापर्यंतची गाडी’ असं असतं, तेव्हा गाडी बनल्याचं साल पाहायचं की तिच्या डिझाइनचं, हे नीट वाचा. राजदूत ३५० आपल्याकडे १९८३ पासून बनली, पण तिचं मूळ असलेली यामाहा आरडी ३५० ही १९७३ ची. अमेरिकेतल्या एएचआरएमए या जुन्या गाड्यांच्या रेस घेणाऱ्या संस्थेच्या नियमांत सालानंतर बनलेला पण त्याच डिझाइनचा भाग चालतो. तुमच्या आयोजकाचा नियम तसा असेल तर १९८५ ची राजदूतही आत येते, नसेल तर बाहेर. डिस्क ब्रेकचंही हेच. परदेशी आरडीला पुढे डिस्क होती, इथल्या राजदूतला ड्रम. ‘त्या काळचा भाग’ असा नियम असेल तर जुनी डिस्क मागता येईल. ‘या देशात विकली तशी गाडी’ असा असेल तर ड्रमच ठेवावा लागेल. आजच्या गाडीचा फोर्क आणि डिस्क मात्र बहुतेक ठिकाणी पहिल्या नजरेतच बाद होतात. एएचआरएमएच्या व्हिंटेज मोटोक्रॉसमध्ये (जुन्या गाड्यांची मातीच्या ट्रॅकवरची रेस) सस्पेन्शनची हालचालसुद्धा मोजतात: पुढे ७ इंच, मागे ४ इंच, त्याहून जास्त नाही. कारण लांब हालचालीचं सस्पेन्शन सत्तरीच्या दशकात नंतर आलं. ते लावलं की जुनी गाडी जुनी राहत नाही.

आता कागदपत्रं. पन्नास वर्षांपेक्षा जुनी गाडी असेल तर २०२१ पासून केंद्राच्या नियमाने तिची ‘व्हीए’ मालिकेत व्हिंटेज नोंदणी होते. पण त्यासाठी गाडी मूळ रूपात हवी, चासी आणि इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. म्हणजे जुनी जावा रेसला कापायची की व्हीए नंबर घ्यायचा, हे आधी घरी ठरवा. कापलेली फ्रेम आम्ही परत जोडून देऊ शकतो, मूळ रूपात आणून देऊ शकत नाही. एमएच ०९ ची गाडी इकडे आणून केए २२ किंवा २३ करायची असेल तर तिकडच्या आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला) लागते, ती व्यवहाराच्या वेळीच मागून घ्या. चासी नंबर घासणं किंवा पुन्हा ठोकणं हे काम आमच्याकडे होत नाही, कोणीही कितीही ओळखीचा असला तरी.

सुरक्षेच्या गोष्टी सगळीकडे जवळपास सारख्या असतात: ऑइलच्या ड्रेन बोल्टला भोक पाडून तार बांधणे, ब्रीदरला (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीला) डबा, सोडताच परत येणारा थ्रॉटल, लिव्हरच्या टोकाला गोळी, स्टँड-आरसे-काचा काढून टाकणे. हे आम्ही एका दिवसात करून देतो.

येताना आरसी, नियमपुस्तक आणि आधी झालेल्या कामाची बिलं आणा. ब्लॉक सुटा आणला तरी चालेल. मोजणीचे पैसे घेत नाही. बोअर गेजवर वर, मध्ये आणि खाली असं तीन जागी मोजून कागदावर सीसी लिहून देतो. तो कागद स्क्रूटिनीला जाताना खिशात ठेवा.