विडंबनगीत

लोकांच्या ओठांवर असलेल्या गाण्याची चाल, वृत्त व ठेका तसाच ठेवून त्यात भलतेच शब्द बसवलेले विनोदी गीत. यातला निम्मा विनोद ऐकणाऱ्याच्या डोक्यात घडतो. मूळ ओळ पाठ असेल तरच तिच्या जागी काय आले ते कळते. त्यामुळे अनोळखी गाण्याचे विडंबन पडते आणि लहानपणी घोकलेल्या श्लोकाचे कधीही चालते.

बडोद्याच्या मराठी घरांत मनाचे श्लोक आहेत आणि रविवारचा फाफडाही. या दोहोंची गाठ अशी घालता येते :

मना फाफडा रोज खाऊ नये रे ।
परी सांग हे जीभ ऐकेल का रे ।।

वृत्त भुजंगप्रयात, म्हणजे लघु-गुरु-गुरु असा गण चार वेळा. ‘फाफडा’ त्यात चपखल बसतो. त्याच्या जागी ‘खमण’ घातले, की तीन लघू सलग येतात आणि म्हणणारा पहिल्याच ओळीत अडखळतो. हसू येते ते समर्थांच्या उपदेशाच्या सुरात फरसाणाची गोष्ट निघते म्हणून. सूर मोडला की उरते नुसती खाण्याची तक्रार.

मराठी वृत्तांचा हा हिशेब कसून मांडणारे माधव जूलियन (मा. त्र्यं. पटवर्धन) बडोद्यातच १८९४ साली जन्मले. ‘छंदोरचना’ या ग्रंथासाठी मुंबई विद्यापीठाने त्यांना १९३८ मध्ये डी. लिट. दिली. गंमत अशी, की ते ज्यात अग्रणी होते त्या रविकिरण मंडळाच्या कवितेची आचार्य अत्रे यांनी ‘केशवकुमार’ या नावाने ‘झेंडूची फुले’मध्ये यथेच्छ टर उडवली. ती विडंबने आजही वाचावीशी वाटतात, कारण अत्र्यांचा वृत्तावर पक्का हात होता. नुसत्या कोट्यांवर ती इतकी टिकली नसती.

ध्वनिमुद्रणाने या प्रकाराला बाजार मिळवून दिला. अमेरिकेत अ‍ॅलन शर्मन यांचा विनोदी गीतांचा अल्बम १९६३ मध्ये विक्रीच्या यादीत पहिला आला. त्यानंतर तो मान विनोदी अल्बमला मिळाला थेट २०१४ मध्ये, ‘वियर्ड अल’ यांकोविक यांच्या ‘मँडेटरी फन’ला. यांकोविक मूळ गाण्याची वाद्यसंगत हुबेहूब पुन्हा वाजवून घेतात. खोडी फक्त शब्दांत. तिकडच्या कायद्यात विडंबनाला बरीच मोकळीक असूनही ते मूळ कलावंताला आधी विचारतात.

भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात विडंबनाला वेगळे कलम नाही; टीका व परीक्षणासाठी रास्त वापराची मुभा कलम ५२ मध्ये आहे, तिचाच आधार घ्यावा लागतो. चित्रपटगीताची चाल उचलून व्यावसायिक अल्बम काढणाऱ्याला म्हणूनच चालीच्या हक्कदारांची परवानगी घेणे शहाणपणाचे ठरते. सतराव्या शतकातल्या मनाच्या श्लोकांबाबत तो प्रश्नच येत नाही, भाविकांची नाराजी तेवढी सांभाळावी लागते.